सत्तेचाळीस नंबरच्या काकू

हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मार्करनं लिहिलेला ४७, आणि मांडीवर रिकामा थर्माकोलचा डबा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी पावणेदहाला मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रंगीत माशांच्या लिलावाला अशी बसले होते. नोंदणीच्या टेबलावरचा विशीतला मुलगा अदबीनं म्हणाला, "काकू, मुलासाठी घेताय का? त्याला आत बोलवा ना, जागा आहे." मुलगा पुण्यात असतो. इंजिनीअरिंगला गेला तेव्हा दोन फुटी टाकी आणि "आई, फक्त खायला घालत जा" एवढी एक सूचना मागे ठेवून गेला. त्याला अडीच वर्षं झाली. आता टाक्या चार आहेत, आणि हॉलमधला टीव्ही भिंतीवर चढलाय कारण त्याच्या टेबलावर तिसरी टाकी आहे. पण हे त्या पोराला कुठे सांगत बसू? "हो, मुलासाठीच," म्हणाले आणि पर्समधून यादी काढली.

माशांचा लिलाव मला नवा नव्हता, फक्त ते मासे खायचे होते. वडील गोदीत होते. लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेले आहे. टोपल्यांभोवती कोंडाळं, कोळणींचे चढे आवाज, आणि भाव असा भराभर वाढायचा की नाक खाजवायला हात वर केला तर टोपली आपल्या गळ्यात पडेल अशी भीती वाटायची. नौपाड्यातही पहिला अर्धा तास मी त्याच भीतीनं हात मांडीखाली दाबून बसले होते.

हा लिलाव करणारा ग्रुप निव्वळ हौशी लोकांचा आहे. ऑफिस नाही, पाटी नाही. वर्षातून दोनदा लिलाव करतात. मे महिन्यात करत नाहीत हे शहाणपण, आणि ऑक्टोबरमध्ये करतात हा अर्धा शहाणपणा. त्याबद्दल पुढे सांगते. प्रवेश ५० रुपये, त्यात बोलीचा नंबर मिळतो. घरी वाढवलेले मासे, रोपं, कोळंबी आणि जुनं सामान कुणीही विकायला आणू शकतं, एकाला जास्तीत जास्त दहा लॉट. किमान किंमत विकणाऱ्यानं ठरवायची. विक्रीतले ८० टक्के त्याला, २० टक्के ग्रुपला. त्यातून हॉलचं भाडं आणि ऑक्सिजनचा सिलिंडर. सुरुवातीला बोली दहा-दहानं चढते, भाव वाढला की पन्नास-पन्नासनं. रंग टोचलेले किंवा रंगवलेले मासे चालणार नाहीत, नदी-ओढ्यातून पकडून आणलेले चालणार नाहीत. हे दोन नियम दारावरच मोठ्या अक्षरात लावले होते. ते वाचूनच माझं अर्धं मत चांगलं झालं. आपल्याच नद्यांमधल्या काचेसारख्या पारदर्शक चांद्याला सुईनं गुलाबी-हिरवा रंग टोचून दुकानात मांडलेलं मी पाहिलंय. रंग काही महिन्यांत उडतो, सुईची जखम मात्र त्याआधीच काम करून जाते.

आता टेबलांबद्दल. खरा लिलाव सुरू होण्याआधीचा एक तास पिशव्या बघायला मोकळा असतो, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. लांबलचक बाकांवर दोनशेबारा लॉट ओळीनं मांडलेले. पिशव्या दुहेरी, एक तृतीयांश पाणी आणि वर ऑक्सिजन, खालचे कोपरे चिकटपट्टीनं दुमडलेले म्हणजे बारकी पिल्लं कोपऱ्यात अडकून चिरडत नाहीत. आणि प्रत्येक पिशवीवर लेबल. जात, नग, आकार, स्वतःकडे पैदास केलेले की आणून वाढवलेले, काय खातात, पाण्याचा पीएच, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आणि पिशवी किती वाजता बांधली.

मी ऐरोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं नळ्यांवरची लेबलं वाचते आहे. लेबल नसलेलं सँपल आमच्याकडे परत जातं, मग ते नगरसेवकाचं का असेना. माशांच्या दुकानात मात्र मी इतकी वर्षं बिनलेबलाचं सँपलच विकत घेत होते. "कुठून आले?" विचारलं की "कोलकात्याचा माल" किंवा "चेन्नईचा माल" एवढंच उत्तर. चेन्नईतलं कोळत्तूर म्हणजे रंगीत माशांच्या पैदाशीचं मोठं ठाणं, तिथून माल येतो ते खरंच. पण तो मासा तिथून निघून किती हातांतून गेला, कुठल्या पाण्यात किती दिवस राहिला, औषध कुठलं घातलं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. इथे बदलापूरच्या एका विक्रेत्यानं सरळ लिहिलं होतं: 'बोअरचं पाणी, टीडीएस ४२०.' माझ्या घरचं नळाचं पाणी मीटरवर सत्तर-ऐंशी दाखवतं. म्हणजे त्याची चेरी कोळंबी कितीही लालबुंद असली तरी माझ्याकडे आणणं म्हणजे तिला कात टाकताना मारणं. मी ती पिशवी खाली ठेवली. कोपरीच्या एका ताईंची कोळंबी रंगानं जरा फिकी, पण टीडीएस १८०. माझ्या कोळंबीच्या टाकीत मी शिंपल्यांचा चुरा ठेवते, तिथे दीडशे भरतो. यादीत टिक केली. निर्णयाला दहा सेकंद लागले, आणि ते लेबलामुळे.

सगळी लेबलं अशीच होती असं नाही. चाळीसेक पिशव्यांवर नुसतं 'गप्पी ५' किंवा 'मिक्स प्लांट' खरडलेलं होतं, आणि ग्रुपनं त्या घेतल्याही. नियम करायचा तर पाळायचा, नाहीतर ज्यानं मनापासून लिहिलंय त्याच्या मेहनतीला काय अर्थ? हे मी तिथे एकाला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "काकू, नवीन मुलं असतात, घाबरून परत जातील." असू दे. मी त्या चाळीसांपैकी एकही घेतली नाही.

पुकारा करणारा माणूस पस्तिशीचा, गळ्यात टॉवेल, हातात माइक, आणि माइकची गरज नसलेला आवाज. प्रत्येक लॉटबद्दल एकच वाक्य बोलायचा, पण ते नेमकं. तळाशी राहणाऱ्या मिशाळ माशांचं असं: "सहा पांडा कोरी, ठाण्यातल्या ठाण्यात वाढलेल्या, मिश्या शाबूत, जमिनीवरचं खाणं खातात, वरचं खात नाहीत, उगाच वरून टाकून उपाशी मारू नका, तीनशेपासून!" आणि मग "साडेतीनशे एक वार… साडेतीनशे दोन वार…" आमच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या नारळाचा लिलाव होतो तेव्हा पुकारणाराच गडबडून मागची बोली विसरतो. हा गडी पाच तासांत एकदाही चुकला नाही.

सगळ्यात चुरस झाली ती एंजल माशांच्या जोडीवर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, ताटाएवढ्या पंखांची जोडी, लेबलवर 'अंडी घातली आहेत, दोनदा'. एका बाजूला मुलुंडचे दोन भाऊ, दुसऱ्या बाजूला चष्मेवाल्या एक बाई, माझ्यापेक्षाही मोठ्या. हे बघून मला उगाच बरं वाटलं. बोली सहाशेवरून दीड हजाराकडे सरकली तसा मागून एकानं मोठ्यानं विचारलं, "अंडी घातली, पण पिल्लं निघाली का?" हॉल एकदम गप्प. प्रश्न लाखमोलाचा होता. एंजलमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाहीत. अंडी घालायच्या वेळी पोटाखालची नळी दिसते तेवढीच खूण. दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात, पहारा देतात. आणि दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडून बुरशी येते. विकणारा प्रामाणिक निघाला. उभा राहून म्हणाला, "दोन्ही वेळा पांढरी पडली." भावांनी नंबर खाली घेतला. बाईंनी नाही घेतला. साडेसोळाशेला जोडी त्यांची झाली. नंतर चहाच्या टेबलावर मी विचारलं, "ताई, माहीत असून घेतलीत?" तर म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे दोन नर आहेत ना. दोघं एकमेकांची सालटी काढतायत. कुणाशी तरी जमेल."

फॅन्सी गप्पींच्या टेबलाशी मला हसू आवरेना. आपल्याकडे गप्पी मासा म्हटला की पालिकेच्या हिवताप विभागाची माणसं हौदात डासांच्या अळ्या खायला सोडतात तो. फुकट मिळतो. त्याच जातीचा निळ्या धातूसारखा चमकणारा एक नर आणि दोन माद्या इथे ७२० रुपयांना गेल्या. घेणाऱ्या मुलानं एक गोष्ट विचारायला हवी होती, ती विचारली नाही: माद्या आधी कुठल्या नराबरोबर होत्या? गप्पीची मादी एकदा संग झाला की ते बीज कित्येक महिने साठवून ठेवते. सव्वा-दीड महिन्यानं नव्या टाकीत झालेली पिल्लं त्या निळ्या राजाची नसतील, जुन्या टाकीतल्या कुठल्यातरी मळकट गड्याची असतील. जे नीट पैदास करतात ते कोवळ्या माद्या आधीच वेगळ्या काढतात आणि लेबलवर तसं लिहितात. या लेबलवर तसं काही नव्हतं. मी सांगायला उठणार होते, तोवर 'तीन वार' झालं होतं.

रोपांसाठी मला डोंबिवलीच्या एका काकांनी भुरळ घातली. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, आणि प्रत्येक रोप ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक. त्यांच्याकडे बहुतेक क्रिप्ट या पाणवनस्पती होत्या, मूळच्या श्रीलंकेतल्या वेंड्टाय जातीच्या. विकताना ते घाबरवूनच विकत होते: "ताई, घरी नेल्यावर सगळी पानं विरघळतील. लगद्यासारखी होतील. उपटून फेकू नका, मूळ जिवंत असतं. तीन आठवडे त्याच्याकडे बघायचंच नाही." क्रिप्टची जागा बदलली, पाणी बदललं की ती असा हट्टीपणा करते हे मी एकदा रोप कचऱ्यात टाकून शिकले होते. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण तुम्ही दुसरं घ्यायला परत येता. काकांच्या रोपाला मी १२० रुपये दिले आणि वर त्यांनी जावा फर्नचं एक पिल्लू फुकट दिलं, "आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं," हे तीनदा बजावून.

त्यांच्यापाशीच एका पोरानं विचारलं, "काका, वायतुरा मिळेल का? कासचा?" काकांचा चेहराच बदलला. वायतुरा म्हणजे सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांत उगवणारी, इंग्रजी वायसारखा दुहेरी तुरा येणारी वनस्पती. सह्याद्रीबाहेर ती जगात कुठे नाही. "तो तिथेच बघायचा, बाळा. पावसाळ्यात जा, गुडघ्यावर बस आणि बघ. टाकीत आणायचा विचार डोक्यातून काढ." पोरगं ओशाळलं, पण तिथून हललं नाही, पुढचा अर्धा तास तो काकांच्या पिशव्या उचलून देत होता.

बुसेफलँड्रा मला हवी होती, मिळाली नाही. बोर्निओच्या ओढ्यांतल्या खडकांवर वाढणारं बोटभर रोप, पानांवर निळसर झाक. माझी मर्यादा ४०० होती, नऊशेला गेलं. सात पानं होती, मी मोजली होती.

आता माझ्या चुका. मी घरून १५०० रुपये ठरवून निघाले होते. सहा पांडा कोरी ५४० ला घेतल्या, दुकानात नऊशेच्या खाली मिळाल्या नसत्या. तीन अल्बिनो ब्रिसलनोज मासे ३०० ला, दहा कोळंबी २०० ला, क्रिप्ट १२०. इथवर हिशेब झकास. मग जेवणानंतर डोकं जड झालं आणि मी दोन गोष्टी न बघता घेतल्या. एक, दगडावर चढवलेलं मॉस, म्हणजे शेवाळासारखं रोप, १६० रुपये. दोन, टाकीच्या काठाला अडकवायचा जुना फिल्टर, ३५०, लेबलवर 'चालू'. चालू आहेच. पण असा गुरगुरतो की बाजूच्या घरात मिक्सर लावलाय असं वाटतं. आतल्या पंख्याची दांडी झिजलेली. सामानाचे लॉट प्लगला लावून दाखवायची सोय तिथे नव्हती. ही मोठीच उणीव. एक एक्स्टेंशन बोर्ड आणि एक बादली एवढ्यानं भागलं असतं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडे तर आवाज येत नव्हता." मी पैसे मागितले नाहीत. लिलावात घेतलेलं घेतलं.

पण सगळ्यात मोठी तक्रार उशिराची आणि उकाड्याची. दहाची वेळ सांगून पहिला पुकारा अकरा वीसला झाला. मी घड्याळ लावून हिशेब केला: जेवणाची चाळीस मिनिटं वजा जाता २८० मिनिटांत २१२ लॉट, म्हणजे लॉटमागे सव्वा मिनिटाच्या थोडं वर. हा वेग उत्तमच. ठरलेल्या वेळी सुरू केलं असतं तर तीन वीसला सगळे मोकळे. झालं काय, संपायला चार चाळीस वाजले, आणि हॉलला पंखे सहा, एसी शून्य. मी सवयीनं पर्समध्ये थर्मामीटर ठेवते. दुपारी अडीचला खिडकीकडच्या बाकावरच्या पिशवीला बाहेरून टेकवला तर ३१.८. आतल्या बाजूच्या बाकावर २९. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तिशीला साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशाला लागतो जास्त. पिशवीत वरून ऑक्सिजन भरलेला म्हणून बहुतेक तरले. खिडकीजवळची एंजलच्या पिल्लांची एक पिशवी नाही तरली. सकाळी सात वाजता कल्याणहून बांधून आणलेली होती. पुकारणाऱ्यानं ती उचलली, बघितली आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "लॉट एकशेएकसष्ट रद्द. मासे गेलेत. विकणाऱ्याची चूक नाही, आमची आहे, उन्हात ठेवले." मग तिथल्या सगळ्या पिशव्या आत हलवल्या गेल्या. मला तो माणूस तेव्हा आवडला. पण मी आधी तासभर कुणाला का सांगितलं नाही, हे मलाही सांगता येणार नाही. नवखेपणा असेल. काकूपणाही असेल.

दाराशी एक मोठं निळं पिंप ठेवलं होतं, त्यात 'नको असलेले सकर इथे द्या, पैसे नाहीत, प्रश्नही नाहीत'. ही कल्पना मला बेहद्द आवडली. दुकानात दोन इंचांचा 'टाकी साफ करणारा' म्हणून तीस-चाळीस रुपयांत मिळणारा सकर फूटभराच्याही पुढे जातो. टाकी पुरेना झाली की लोक पुण्य म्हणून तलावात सोडून येतात. ठाण्याला तलावांची काय कमी! दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा आपल्याकडच्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरलाय, आणि जाळी फाडतो म्हणून कोळी त्याला शिव्या घालतात. संध्याकाळपर्यंत पिंपात अकरा सकर जमले होते, त्यातला एक माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचा. मी घेतलेले ब्रिसलनोज त्याच घराण्यातले, पण वीतभराच्या आतच थांबतात. नराच्या नाकावर पुढे काटेरी झुडूप उगवतं. माझ्या तिघांना अजून मिसरूड फुटलेलं नाही.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चहा चांगला, उपमा गार. शहाण्यानं स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव खाऊन जावं, तो एक खाल्ला की दुपारी उपमा लागत नाही.

परत येताना मेगाब्लॉक नुकताच संपलेला, त्यामुळे ट्रान्स हार्बरच्या लोकलला खच्चून गर्दी. ठाण्यात पश्चिमेकडून शिरून दहा नंबरपर्यंत पूल ओलांडत थर्माकोलचा डबा छातीशी धरून चालले. दिघ्याच्या आधीच ह्यांचा मेसेज, "येताना बोंबील मिळाले तर बघ." डब्यात सहा कोरी असताना ऐरोलीच्या बाजारात बोंबील निवडायला उभं राहणं मला जमलं नाही. पिठलं केलं.

घरी आल्यावर जे केलं ते नेमकं लिहिते, कारण तिथेच बहुतेकांचे मासे मरतात. कोरींची पिशवी बांधून साडेनऊ तास झाले होते. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. त्याच पाण्यात त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनियाही साठतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो जवळजवळ सगळा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होतो. पीएचचा एक आकडा चढला तर विषारी भाग जवळपास दहापट. मी पिशवीची गाठ सोडल्या सोडल्या थेंबाच्या किटनं तपासलं: पीएच ६.४, अमोनिया २ आणि ४ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) मधला हिरवा रंग. माझ्या टाकीचा पीएच ७.४. अशा वेळी पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडत बसणं म्हणजे प्रेमानं विष पाजणं. म्हणून गाठ सोडण्याआधीच वीस मिनिटं बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवलं होतं. आकडे बघितले आणि लगेच जाळीनं उचलून वेगळ्या टबात सोडलं. पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. कोळंबी फारशी घाण करत नाही, पण टीडीएसच्या फरकाला नाजूक. तिला मात्र सलाइनच्या नळीतून दोन तास थेंब-थेंब. सलाइनची नळी लॅबमधून आणलेली नाही, केमिस्टकडून विकत घेतली, हे आमच्या डॉक्टरांच्या नजरेस पडलंच तर असावं म्हणून लिहिलं.

रोपं तुरटीच्या पाण्यात बुडवून काढली, गोगलगाईंची अंडी जावीत म्हणून. गोगलगाई गेल्या. पण मॉसच्या दगडात हिरव्या केसासारखे धागे होते ते मला मॉसच वाटले. दहा दिवसांनी त्यांनी सगळी टाकी विणायला घेतली. भिंगाखाली पाहिलं तर धाग्यांवर इवलाल्या पिशव्या. कासला आपण ज्या निळ्या-जांभळ्या 'सीतेच्या आसवां'चे फोटो काढतो त्यांची ही पाण्यातली बहीण, युट्रिक्युलारिया. त्या पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. लॅबच्या मायक्रोस्कोपखाली तिचं दार उघड-मिट करताना पाहायला जेवणाच्या सुट्टीत तिघी जमलो होतो. टाकीतून ती काढता काढता मात्र चिमटा हातात घेऊन दोन रविवार गेले आणि अजून संपलेली नाही. मॉसच्या लेबलवर काय लिहिलं होतं? 'मॉस'. मी तरी का घेतलं?

तीन आठवड्यांनंतर हिशेब असा: कोरी सहाच्या सहा, कोळंबी दहातली नऊ, ब्रिसलनोज तिन्ही, क्रिप्ट काकांनी सांगितल्याप्रमाणे लगदा होऊन आता दोन नवी पानं वर. टबात चार आठवडे वेगळं ठेवायचं ठरवलंय, त्यातला एक बाकी. एकूण खर्च प्रवेशासकट १७२०. म्हणजे ठरवलेल्यापेक्षा २२० जास्त.

तुमची टाकी महिनाभरही जुनी नसेल, आत अजून अमोनिया खाणारे जीवाणू बसले नसतील, तर जा, पण हात मांडीखाली ठेवा आणि नुसतं ऐका. रोपं घ्या फार तर. जुने असाल तर आपल्या पाण्याचे आकडे कागदावर लिहून न्या, थर्मामीटर न्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फ न घालता जुनं वर्तमानपत्र घाला, आणि दुपारच्या जेवणानंतर नंबर वर करू नका. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, पण त्यांच्या हाती पुठ्ठा देऊ नका. एका चिमुरडीनं बापाला चारशेचा फायटर मासा घ्यायला लावला, आणि बाप म्हणे आधी एक मारून आलेला होता.

पुढचा लिलाव फेब्रुवारीत आहे. मुलाच्या मूळ टाकीतले गप्पी अडीच वर्षांत शंभराच्या वर गेलेत, म्हणून यंदा विकायलाही नाव दिलंय. लेबल कालच लिहून ठेवलं: 'गप्पी, १२ नग. ऐरोली, नळाचं पाणी, टीडीएस ७६, पीएच ७.४. घरची पैदास. माद्या मिसळलेल्या, बाप कोण सांगता येणार नाही. किमान किंमत २० रुपये.' आवाज करणारा फिल्टर त्याच दिवशी परत लिलावाला लावते आहे. त्याच्या लेबलवर 'चालू' असं लिहिलंय, आणि खाली 'ऐकून घ्या'.